गाठ माझ्याशी आहे

मित्रांनो, माझं नाव घेताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. मॅमोग्राफी यंत्र. घ्या बघू एकदा मोठ्यानं! मी एका दवाखान्याच्या तळमजल्यावर उभं असलेलं, आता बरंच जुनं झालेलं मॅमोग्राफी यंत्र आहे. बायकांच्या स्तनात एखादी गाठ तर नाही ना, हे क्ष-किरणांच्या मदतीनं बघायचं, हे माझं काम. 'स्तन' हा शब्द ऐकून तुमच्यातल्या काहींनी आत्ता शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं असेल. ढोसा, मला राग नाही. मोठी माणसंही तेच करतात, फक्त त्यांची कोपरं दिसत नाहीत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी माझा एकेक स्क्रू जपून आवळला. मला एक उंच खांब आहे, त्यावर वरखाली सरकणारा हात आहे आणि हाताला दोन फळ्या आहेत. खालची काळी, वरची पारदर्शक प्लॅस्टिकची. या दोन फळ्यांमध्ये स्तन ठेवून हलकेच दाबला की आतलं सगळं पसरतं आणि चित्र स्वच्छ येतं. 'हलकेच' हे माझं मत. बायकांचं मत वेगळं आहे, आणि ते त्या मला तोंडावर ऐकवतात.

या दवाखान्यात आलो तेव्हा माझं कोण कौतुक झालं! मी दारातून आत जाईना म्हणून चौकट काढावी लागली. खोलीला गुलाबी रंग दिला, खिडकीला गुलाबी पडदे लावले. उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. त्यांनी फीत कापली, घसा खाकरला आणि म्हणाले, "हे जे... महिलांच्या... आरोग्याचं जे यंत्र आहे..." पुढे पूर्ण भाषणभर ते माझ्याकडे एकदाही न बघता बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण माझं नाव कुणीच घेतलं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी लाजेच्या घरात दिलेलं यंत्र आहे. संध्याकाळी माझ्या दारावर पाटी लागली : 'स्तन तपासणी. फक्त महिलांसाठी. पुरुषांनी बाहेर थांबावे.'

लाज म्हणजे काय हे मी त्या खोलीत जवळून पाहिलं. माझ्यासमोर येताना बाई आधी दाराची कडी बघते, मग पडदा बघते, मग छताकडे बघते. काही जणी सांगायच्या की नवऱ्याला दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगून आलेय. मला चालवणारी ताई फार गोड बोलणारी होती. ती त्यांना बोलण्यात गुंतवायची आणि बोलता बोलता पायाखालचं पेडल दाबून माझी फळी खाली आणायची. "आता श्वास रोखा," म्हणत ती काचेच्या आडोशाला जायची. खट्ट. झालं काम. अशी कितीतरी वर्षं गेली. कुणाला मी निर्धास्त करून घरी पाठवलं, कुणाला वेळेवर सावध केलं.

आणि एक दिवस माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर मास्तर येऊन बसले.

मास्तर म्हणजे पोहायला शिकवणारे मास्तर. अर्ध्या शहराला त्यांनी पाण्यात ढकललं आहे आणि वरही काढलं आहे. आमची ताईसुद्धा लहानपणी त्यांच्याच हाताखाली पाय मारायला शिकली होती. साठीला टेकलेला माणूस, पण खांदे दारात मावणार नाहीत असे. काठावर उघड्या अंगानं उभे राहून "छाती वर! पोट आत!" असं ओरडले की पलीकडच्या रस्त्यावरची माणसंही नकळत पोट आत घ्यायची, असं ताई सांगायची. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी. तलावावर बायकांची वेळ आणि पुरुषांची वेळ वेगवेगळी होती. बायकांच्या वेळेत एखादा बाप्या चुकून जरी फाटकात डोकावला तरी मास्तर शिट्टी फुंकून त्याला पळवून लावत.

त्या दिवशी बाकावर सगळ्या बायका आणि मधोमध हे एकटे. मांडीवर बायकोची पर्स घट्ट धरलेली. बघणाऱ्याला वाटावं, बायकोला घेऊन आलेत बिचारे. खोलीबाहेरच्या मावशींनाही तेच वाटलं.

"भाऊ, पुरुषांनी इथं बसायचं नाही. पाटी वाचली नाही का?"

"हो हो, चुकलंच," म्हणत मास्तर असे चटकन उठले की त्यांना तेच हवं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. दाराकडे दोन ढांगा टाकल्याही. तेवढ्यात काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांच्या शर्टाचं टोक धरलं.

"अहो, बसा खाली. मावशी, तपासणी यांचीच आहे."

बाकावरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. मावशींच्या तोंडाचा आ झाला तो मिटेचना. मास्तरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि त्यांनी पर्सची चेन उघडून आत काहीतरी शोधायला सुरुवात केली. त्या पर्समध्ये त्यांचं काहीच नव्हतं, मित्रांनो. दारातून मी ते बघत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या गुलाबी पडद्यांची लाज वाटली.

ताईनं त्यांना आत घेतलं, दार लावलं. मास्तर दाराला पाठ लावून उभे राहिले. "पोरी," ते म्हणाले, "बायकांच्या वेळेत पुरुष आत आला तर मी काय करतो?"

"शिट्टी मारून हाकलता."

"मग मलाही हाकल."

ताई हसली नाही. तिनं त्यांना स्टूल दिलं आणि विचारलं, "सर, कधीपासून आहे?"

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं. मग काकूंनीच सांगायला घेतलं. गोष्ट बरीच आधी सुरू झाली होती. डाव्या बाजूला, स्तनाग्राच्या थोडं कडेला, सुपारीएवढं काहीतरी टणक मास्तरांच्या हाताला लागलं. दुखत नव्हतं. त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून ते टी-शर्ट घालून पाण्यात उतरू लागले. मुलं विचारायची, "सर, तुमचा टी-शर्टपण पोहायला शिकतोय का?" तर ते सर्दीचं निमित्त सांगायचे. जन्मात सर्दी न झालेला माणूस!

पण मनात भीती होतीच. म्हणून एकदा हिंमत करून ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? आता बघा हं, मित्रांनो, इथंच सगळं घोडं पेंड खातं. 'स्तनात गाठ आहे' हे तीन शब्द मास्तरांच्या तोंडातून निघेनात. पुरुषाला कुठले आलेत स्तन? पुरुषाला असते ती छाती. ती काढून चालायची असते, ती ठोकून बोलायचं असतं. म्हणून ते म्हणाले, "छातीत जरा जड वाटतं."

झालं! त्या वयाचा माणूस छातीत जड वाटतं म्हणाला की डॉक्टर काय करतील? शर्टावरूनच नळी लावली, हृदयाचा आलेख काढला आणि छातीचा एक्स-रे काढायला पाठवलं. समोरच्या खोलीतला एक्स-रे माझा थोरला भाऊच म्हणा. त्याला फुफ्फुसं बघायला सांगितली, त्यानं फुफ्फुसं बघितली. ती बिचारी पाण्यात श्वास रोखून रोखून ठणठणीत झालेली. डॉक्टर म्हणाले, "छाती एकदम साफ आहे." मास्तर घरी आले आणि काकूंना तेच सांगितलं. "छाती साफ आहे. डॉक्टरांनीच सांगितलंय." काकूंनी त्या दिवशी गोड काहीतरी केलं. सुपारी मात्र जिथल्या तिथं होती, आणि हळूहळू मोठी होत होती.

मग काकूंना धुण्यात त्यांच्या बनियनवर तपकिरी डाग दिसला. मास्तर म्हणाले, शिट्टीची दोरी घासते. पुन्हा डाग दिसला. पुन्हा दोरी घासते. शेवटी एका सकाळी काकूंनी शिट्टी कपाटात कुलूप लावून ठेवली आणि चार दिवसांनी बनियन हातात धरून समोर उभ्या राहिल्या. "दोरी कपाटात आहे. आता काय घासलं?"

"आणि मग बघितलं मी," काकू म्हणाल्या. "स्तनाग्र आत ओढलं गेलंय हो. इतके दिवस माझ्यापासून अंग चोरत होते. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

मास्तर खाली मान घालून माझ्या पायाशी बघत होते. त्यांनी इतक्या बारकाईनं माझं पेडल बघितलं की मला वाटलं, आता ते दुरुस्त करणार.

ताईनं गाऊन पुढे केला. माझ्या खोलीत एकाच प्रकारचा गाऊन असायचा, गुलाबी, फुलाफुलांचा, पुढून नाड्यांचा. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं. "याच्यापेक्षा मला बुडवून टाक," ते म्हणाले. शेवटी काकूंनी त्यांचा शर्ट काढला आणि नुसता टॉवेल खांद्यावर टाकला. ज्या माणसानं सगळं आयुष्य उघड्या अंगानं काढलं, तो त्या टॉवेलची दोन्ही टोकं गळ्याशी घट्ट धरून माझ्यासमोर उभा होता. मला फार वाईट वाटलं.

ताईनं त्यांचा हात माझ्या दांडीवर ठेवला, खांदा खाली दाबला, हनुवटी वळवली. बायकांपेक्षा पुरुषाचं काम अवघड. पकडायला मांस थोडं, मागे सगळा पोहून पोहून कमावलेला स्नायू. पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदाही निसटलं. ताईला दोन्ही हातांनी ओढून धरावं लागलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी येत होतं. ते दुखल्याचं नव्हतं. मला लोकांचं दुखणं चांगलं ओळखता येतं.

"श्वास रोखा सर," ताई म्हणाली. खट्ट. चित्र आलं. ताई संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली, बघतच राहिली. मग तिला आठवण झाली. "सर! सोडा की श्वास!"

"तू सोड म्हणाली नाहीस," मास्तर म्हणाले. एवढ्या लाजेतही काकूंना हसू आलं.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी माझं चित्र पाहिलं, मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सोनोग्राफीनं पाहिलं, काखेतही पाहिलं. मास्तरांच्या अंगावर जेल चोपडलेलं, टॉवेल बाजूला पडलेला. त्या शांतपणे समजावून सांगायला लागल्या. पुरुषांनाही थोडे स्तन असतातच. कधी कधी ते नुसतेच वाढतात, ती वाढ स्तनाग्राच्या बरोबर मागे असते आणि बहुधा घाबरण्यासारखं काही नसतं. "तुमची गाठ बाजूला आहे. कडाही वेड्यावाकड्या आहेत. सुईनं तुकडा काढून तपासायला हवा. मला कॅन्सरचा संशय आहे."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर?"

"छे! आमच्याकडे कुणालाच नाही," मास्तर छातीठोकपणे म्हणाले.

"आई? वडील?"

"वडील म्हातारपणानं गेले. आई लवकर गेली, मी लहान होतो. पण ती छातीच्या दुखण्यानं..."

एवढं बोलून ते थांबले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "छातीच्या म्हणजे हृदयाच्या का?" मास्तरांच्या ओठांवर तोच शब्द होता, जो त्यांनी स्वतः इतके दिवस वापरला होता. माणूस खोल पाण्यात पाय टेकवायला जातो आणि तळ लागत नाही, तेव्हा जसा चेहरा होतो तसा त्यांचा झाला.

"फोन दे," ते काकूंना म्हणाले. बोटांना जेल लागलेलं, फोन हातातून सटकत होता, म्हणून काकूंनीच तो त्यांच्या थोरल्या बहिणीला लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"आक्का, आई नक्की कशानं गेली?"

"हे काय भलतंच? छातीच्या दुखण्यानं. माहीत आहे की तुला."

"छातीच्या कुठल्या दुखण्यानं?"

"आता कशाला उकरून काढतोस? झाली त्याला एवढी वर्षं."

"आक्का, मी आत्ता कुठं आहे माहितीये? बायकांच्या तपासणीच्या खोलीत. अंगावर शर्ट नाही. आणि तपासणी माझी चाललीये."

मग आक्का बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता.

"गाठ होती तिला. डाव्या बाजूला. शेवटी शेवटी मीच तिला अंघोळ घालायचे ना, मी बघितली होती. वास यायचा रे. मी म्हटलं, बाबांना सांगते. तर म्हणाली, कुणाला सांगितलंस तर गाठ माझ्याशी आहे!" आक्का रडायला लागल्या. "पोर होते मी. भ्याले. नाही सांगितलं."

मित्रांनो, 'गाठ माझ्याशी आहे' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. घरोघरी आया ते मुलांना दमात घ्यायला म्हणतात आणि मुलं दुसऱ्या मिनिटाला विसरतात. पण त्या आईची गाठ खरोखरच तिच्यापाशी राहिली. तिनं ती लपवली, मुलीनं जपली आणि मुलाला ती 'छातीचं दुखणं' या नावानं मिळाली. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. ताई माझ्या खांबाला टेकून उभी राहिली होती.

मास्तर फोनवर वाकले. "आक्का, तू लहान होतीस. तुझा काय दोष? पण मला एक सांग. तू स्वतःची तपासणी कधी केलीस?"

"मला काय धाड भरलीये?"

"आक्का."

"...या वयात लाज वाटते रे."

"मला विचार लाज काय असते ती! इथं माझ्या अंगावर टॉवेलसुद्धा राहिलेला नाही. तू उद्याच ये."

आक्का आल्या. हातभर लांब चेहरा करून आल्या, मला शिव्या दिल्या, आणि त्यांचं चित्र स्वच्छ निघालं. ते बघून मास्तर बाकावर बसून, बायकांच्या गर्दीत, ओक्साबोक्शी रडले. त्या दिवशी मावशींनी त्यांना पाणी आणून दिलं, बाहेर थांबा म्हणाल्या नाहीत.

मास्तरांची गाठ मात्र कॅन्सरचीच होती. सुईनं काढलेल्या तुकड्यानं तेच सांगितलं. ऑपरेशन झालं, पुढची औषधं झाली. कॅन्सर काखेपर्यंत पोचला होता, म्हणून तिथल्या गाठीही काढाव्या लागल्या. गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हाच आला असतात तर काख कदाचित वाचली असती, असं डॉक्टरबाई स्पष्टच म्हणाल्या. आता त्यांचा डावा हात सुजतो आणि पूर्वीसारखा लांब फेकता येत नाही. पोहणाऱ्या माणसाला हे किती लागतं, ते मी दाबून दाबून सांगितलं तरी तुम्हाला कळायचं नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूच्या तपासणीला मास्तर माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी शर्ट स्वतःच काढला. डाव्या बाजूला स्तनाग्र नव्हतं, नुसता काखेपर्यंत गेलेला आडवा व्रण होता. ताईला ते तलावावरची हकिकत सांगत होते.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा तलावावर गेले तेव्हा ते शर्ट काढू की नको करत बराच वेळ काठावर बसून राहिले. शेवटी काढला. पोरांचा गलका एकदम थांबला. एका चिमुरडीनं विचारलं, "सर, तुम्हाला काय चावलं?"

"मगर," मास्तर म्हणाले. पोरं खूष झाली आणि धडाधड पाण्यात उड्या मारल्या. मास्तरही पाण्यात उतरायला गेले, पण पाय पुढे होईना. आधी सर्दी झाली, मग दोरी घासली आणि आता मगर चावली, असं त्यांच्या मनात आलं, आणि स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्यांनी शिट्टी फुंकून सगळ्यांना परत काठावर बोलावलं.

"मगर नाही," ते म्हणाले. "माझ्या स्तनात गाठ होती. कॅन्सरची. पुरुषांनाही होते. मी लाजलो, छातीत दुखतंय असं खोटं सांगितलं, म्हणून हा हात असा झाला. माझी आई लाजली, ती गेलीच."

कुणी हसलं नाही. एक-दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण कोपर काही कुणी मारलं नाही. मग मास्तरांनी आपला जुना आवाज काढला, पलीकडच्या रस्त्यावर पोट आत जाईल असा.

"घरी जाऊन सांगायचं. आईला, बाबांना, आजोबांना, सगळ्यांना! अशी गाठ कुणाला लागली आणि कुणी लपवली, तर गाठ माझ्याशी आहे!"

हे सांगताना त्यांचा आवाज माझ्या खोलीत इतका घुमला की बाहेर बाकावरच्या बायकांनीही ऐकला. ताई फळी खाली आणायची विसरून तशीच उभी राहिली.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. माझ्या शेजारच्या खोलीत नवं यंत्र आलं आहे, आणि माझ्या अंगावर बऱ्याचदा चादर टाकलेली असते. मला त्याचं दुःख नाही. नव्या खोलीच्या भिंती पांढऱ्या आहेत, गाऊन निळे आहेत आणि पाटीवरची शेवटची दोन वाक्यं पुसून टाकली आहेत. जायच्या आधी तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. लाज वाटली तर वाटू द्या, ती काही कुणाला चुकलेली नाही. पण लाजेपायी दुखण्याचं नाव बदलू नका. आम्ही यंत्रं फार भोळी असतो. तुम्ही जिथं बोट ठेवाल, आम्ही तिथंच बघतो.